चूलबंद यादी

माझी आई निपाणीत विड्या वळायची. तिचं काम कधी कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, दिवस मावळला की बांधलेले कट्टे. बघणाऱ्याला सगळं समोर दिसायचं. माझं काम मात्र तिला आजवर कळलेलं नाही. शेजारणीनं विचारलं की ती सांगते, "आमची सुमन मशीनला प्रश्न इचारायची. मशीन उत्तर द्यायचं. त्येचा पगार."

पूर्वी मला याचा राग यायचा. एवढं शिकून, परीक्षा देऊन, आई मला मशीनशी गप्पा मारणारी बाई करून टाकते म्हणजे काय! आता निवृत्त झाल्यावर या अंकासाठी कामाविषयी लिहायला बसले, चार-पाच कागद फाडले, आणि मग मान्य केलं की आईच्या वाक्यात दुरुस्ती करण्यासारखं काही नाही. मी मशीनला प्रश्न विचारत होते. नीट विचारला तर नीट उत्तर यायचं आणि अर्धवट विचारला तर अर्धवट, पण दोन्ही उत्तरं दिसायला सारखीच खात्रीची असायची. सगळी गोम तिथंच.

बेळगावच्या उद्यमबागेत लोखंडाच्या ओतकामाचा एक मोठा कारखाना आहे. तिथल्या कॉम्प्युटर विभागात माझी नोकरी गेली. ओतकामाच्या कारखान्यात कॉम्प्युटर विभागाला काय मान असणार? भट्टी थंड पडली तर मालक पायात चप्पल न घालता धावत येई. कॉम्प्युटर बंद पडला तर लोक चहाला जात. चालू झाला की परत येत आणि आमच्याकडे असं बघत, जणू चहा आम्हीच अर्धवट टाकायला लावला.

माझ्याकडे डिरेक्टरी होती. आता हे बाहेरच्यांना सांगायचं तर असं, की कारखान्यात कामाला लागलेल्या प्रत्येक माणसाची कॉम्प्युटरमध्ये एक नोंद असते. त्याचं नाव, विभाग, पत्ता, कधी लागला, वगैरे. या सगळ्या नोंदी जिथं राहतात ती डिरेक्टरी. या नोंदींचे गट केलेले असतात. स्टोअरची माणसं एका गटात, हिशेबाची दुसऱ्या, सुपरवायझर तिसऱ्या. मग स्टोअरचं दार, हिशेबाची फाईल, गेटवरचं अंगठ्याचं मशीन, हे सगळे दिवसभर डिरेक्टरीला विचारत राहतात, "हा माणूस अमुक गटात आहे का?" आहे म्हटलं की दार उघडतं. नाही म्हटलं की माणूस दाराला शिव्या देतो आणि मग मला फोन करतो.

म्हणून कारखान्यात कुणाला काय करायची मुभा आहे, हे जाणून घ्यायचं तर मॅनेजरला विचारून उपयोग नाही. मॅनेजर त्याला काय वाटतं ते सांगतो. डिरेक्टरीला विचारायचं, "या गटात कोण कोण आहे?" गट एक-दोन असतील तर पडद्यावर उघडून बघता येतात. आमच्याकडे गटांचं रान माजलं होतं. तेव्हा स्क्रिप्ट लिहायची. स्क्रिप्ट म्हणजे प्रश्नांची ओळीनं लिहून ठेवलेली चिठ्ठी. ती मशीनच्या हातात दिली की ते एकेका गटाच्या दारात जाऊन विचारतं आणि नावं लिहून आणतं. मी चहा पिऊन येईपर्यंत काम झालेलं असे.

नेहमीच नाही. एकदा मी चहा पिऊन आले, जेवून आले, तरी स्क्रिप्ट चालूच. शोधलं तर कँटीन समितीचा गट गणपती मंडळाच्या गटात घातलेला, आणि मंडळाचा गट परत कँटीन समितीच्या गटात. बिचारी स्क्रिप्ट या दारातून त्या दारात आणि त्या दारातून या दारात चकरा मारत होती. हे कुणी केलं म्हणून विचारलं तर दोन्हीकडचे म्हणाले, "त्यात काय मॅडम? माणसं तीच की." ते खरंच होतं, पण मशीनला कोण सांगणार.

गटात गट, ही गोष्ट मला इथं जरा नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्या भागात लग्नाचं आवतण दोन तऱ्हेचं. 'घरटी एक' म्हटलं तर घरातल्या एकानं जेवायला जायचं. 'चूलबंद' म्हटलं तर त्या दिवशी त्या घरी चूल पेटवायची नाही. म्हातारी माणसं, पोरंबाळं, घरात पाव्हणा आलेला असेल तर तोसुद्धा, सगळ्यांनी जेवायला यायचं. लग्नघरच्या यादीत मात्र दोन्हींची ओळ एकच असते, फक्त घराचं नाव. यादीतल्या ओळी मोजून जो भात टाकील त्याची भर मांडवात फजिती होणार. डिरेक्टरीतही असंच आहे. गटात कुणी माणूस घालतं, कुणी अख्खा गट घालतं. दुसऱ्या तऱ्हेची ओळ दिसली की त्या घरात शिरून माणसं विचारावी लागतात.

आमच्या गल्लीला यातलं कुठलंच आवतण येत नसे. पंगती उठल्या की निरोप यायचा, भांडी घेऊन या. आई सांगते, तिची आई पातेलं घेऊन जायची आणि भिंतीच्या कडेला उभी राहायची. मी लहान असताना तेही बंद झालं, कारण आमच्या लोकांनीच जाणं सोडलं. तेव्हा चूलबंद हा शब्द मला माहीत आहे तो दुसऱ्यांच्या दारात ऐकून. पण गटातला गट समजावून सांगायला याहून चांगला शब्द मला मिळाला नाही आणि नव्या लोकांना शिकवताना मी तोच वापरत आले.

माझ्या आधी हा विभाग हणमंत आप्पांकडे होता. आप्पा खानापूरकडचे, भातशेतीतून आलेले. त्यांना कागदावर काही लिहून ठेवायचा भारी कंटाळा. सगळं डोक्यात. त्यांनी केलेला एक गट होता, 'जांबोटी बस'.

जांबोटीकडून आमच्याकडे बरीच माणसं कामाला येत. पुढं बायकांना सरकारी बसचं तिकीट पडेनासं झालं, तेव्हापासून त्या बाजूच्या आणखी बायका-पोरी येऊ लागल्या. त्या आमच्या कोअर शॉपमध्ये असत. ओतीव वस्तू आतून पोकळ ठेवायची तर साच्यात वाळूचा घट्ट गाभा बसवावा लागतो. त्याला कोअर म्हणतात. ते काम नाजूक, हात हलका हवा, म्हणून तिथं जास्त करून बायका. या बायका वाड्यावस्त्यांवरून चालत जांबोटीला यायच्या आणि तिथून बस धरायच्या. पावसाळ्यात त्या रानात पाऊस पडतो म्हणजे काय पडतो, हे बेळगावात छत्री धरून कळत नाही. झाड पडतं, नाल्याचं पाणी रस्त्यावरून जातं, बस थांबते. मागून दुसरी लगेच येईल अशी बात नाही. म्हणून जुन्या मालकांनीच सांगून ठेवलं होतं की जांबोटीची बस उशिरा आली तर त्या माणसांना उशीर लावायचा नाही.

आप्पांनी ते असं बसवलं: प्रत्येक गावाचा एक गट, आणि ते सगळे गावगट 'जांबोटी बस' या मोठ्या गटात. चूलबंद. नवा माणूस कामाला लागला की त्याच्या पत्त्यावरून तो आपोआप आपल्या गावाच्या गटात पडे. गेटवरचं मशीन मोठ्या गटाला विचारी आणि उशिरा आलेल्या अंगठ्यालाही हिरवा दिवा देई. बाकीच्यांना लाल. हे इतकं सुरळीत चाललं होतं की असा गट आहे हे लोक विसरूनही गेले.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या काळात आमचा कारखाना पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं घेतला. त्यांनी डिरेक्टरीची साफसफाई काढली. रिकामे आणि बेवारशी गट काढून टाकायचे, हरकत असेल तर ठरल्या मुदतीत कळवायचं. मी त्याच दिवसांत आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. आईच्या डोळ्यांत थेंब घालत होते आणि ती मला म्हणत होती, "तुज्या मशीनला आता कोन प्रश्न इचारत असंल गं?"

पुण्याचा केदार नावाचा तरुण विचारत होता. त्याच्या स्क्रिप्टनं 'जांबोटी बस'च्या दारात जाऊन विचारलं, "आत माणूस आहे का?" आत माणूस एकही नव्हता. सगळे गट होते. स्क्रिप्टनं लिहून आणलं: रिकामा. मुदत संपली आणि गट गेला.

मी रजेवरून परत आले त्या सकाळी माझ्या खोलीबाहेर कोअर शॉपच्या बायका उभ्या होत्या. पदर ओले, पायांना चिखल. त्यांची म्होरकी यल्लूआक्का. कारखान्यात तिच्याइतकं जुनं कोअर शॉपमध्ये कुणी नव्हतं आणि तिला दार वाजवून आत यायची सवय नव्हती.

"मॅडम, आमचं गाव मशीनमदनं गेलं जनू," ती म्हणाली. "परवा झाड पडलतं. बस नाल्यापाशी हुभी. आमी आलतो तवा अंगठा लावला तर लाल. काल बी लाल. आज बी लाल. आमचा अंगठा झिजला का काय?"

"अंगठा नाही झिजला, आक्का. बसा जरा."

"बसून काय करू? अर्धा दिस मांडत्यात."

मी केदारला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, तो ग्रुप एम्प्टी होता. मी दोनदा चेक केला." मी जरा चढ्या आवाजातच बोलले. म्हटलं, तुम्ही माणसं मोजलीत, घरं मोजली नाहीत. आणि मग त्याला चूलबंद आवतण समजावून सांगितलं. तो म्हणाला, "कळलं. चुकलंच. पण मॅडम, त्या ग्रुपच्या वर्णनात एक ओळ जरी असती, हा कशासाठी आहे म्हणून, तर मी हात लावला नसता." पोरगा बरोबर होता. आप्पांच्या डोक्यातली ओळ डिरेक्टरीत नव्हती.

काढून टाकलेल्या गोष्टी डिरेक्टरी काही महिने बाजूला ठेवते, लगेच फेकत नाही. केदारनं गट परत आणला. मी माझी स्क्रिप्ट चालवली, जी गटात गट दिसला की आत शिरते. एकेक गाव उघडत गेलं, माणसं बाहेर येत गेली, शेवटी यल्लूआक्कासुद्धा आली. वर्णनाच्या जागी मी स्वतः लिहिलं, 'जांबोटीकडची बस उशिरा आली तर यांना उशीर लावू नये.' ज्या ज्या दिवशी बस अडकली होती त्या दिवसांचे उशीर कामगार विभागानं पुसून टाकले. आक्का म्हणाली, "आता कसं!" आणि सगळ्या कामाला गेल्या.

एक पोरगी दाराशी थांबली. पारू. पारू गावडे. कोअर शॉपमध्ये शिकाऊ म्हणून लागली होती आणि हा तिचा पहिलाच पावसाळा होता. बारीक अंगकाठीची, बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची.

"मॅडम, माजं हिरवं न्हाय झालं."

शिकाऊ माणसाला उशिराचा नियम कडक. महिन्यात ठरावीक उशीर झाले की शिकाऊपण संपलं. कुणी रागावत नाही, कुणी बोलावून विचारत नाही, महिनाअखेरीला नोंद आपोआप बंद होते. दुसऱ्या दिवशी गेटवर अंगठा लागत नाही, एवढंच कळतं. मी पारूची नोंद उघडली तर बंद होण्याची तारीख पडलेलीच होती. त्या महिन्याची अखेर.

मी डिरेक्टरीला उलटा प्रश्न विचारला, ही मुलगी कुठल्या गटात आहे? कुठल्याच गावगटात नव्हती. पत्ता होता टिळकवाडीचा.

टिळकवाडी म्हणजे उद्यमबागेच्या लगतच. वकील, प्राध्यापक, बंगले. तिथून आमच्या गेटवर माणूस रमतगमत चालत आला तरी वेळेत येईल.

"टिळकवाडीतनं यायला उशीर कसा होतो गं तुला?"

ती खाली बघत म्हणाली, "त्यो मावशीचा पत्ता हाय. रेणुकामावशीचा. ती बंगल्यात सैपाकाला हाय, मागं दोन खोल्या दिल्यात तिला. आमी वाडीवर ऱ्हातो. जांबोटीच्या बी पलीकडं."

"मग तो पत्ता का दिलास?"

"सगळी म्हनली, जांबोटीचा पत्ता दिलास तर घेत न्हाईत. बस चुकती म्हनून. टिळकवाडी लिव्ह म्हनली."

मी डोक्याला हात लावला. ज्यांची बस चुकते त्यांच्यासाठी गट केलेला, आणि बस चुकते हे लपवण्यासाठी पोरगी त्या गटातून आपण होऊन बाहेर राहिलेली. पत्ता खोटा दिल्याचं कळलं तर नोकरी जाणार, न कळलं तर उशिरापायी जाणार.

"घरी काय म्हणतात?"

"दादा म्हनतो, पर्मनंट झालीस तर बघू. न्हायतर परत जनावरामागं जा. आमच्या वाडीवर कारखान्यात पर्मनंट कोन न्हाय मॅडम. बापय मानूस बी न्हाय."

माझ्यासमोर पडदा होता आणि हातात अधिकार. तिला तिच्या गावच्या गटात टाकायचं म्हणजे स्क्रिप्टची एक ओळ. ते तिलाही दिसत होतं. "घाला की मॅडम," ती म्हणाली, "तुमच्या हातात हाय न्हवं?"

मी चिडले. तिच्यावर नाही, पण आवाज तिच्यावरच गेला. "हातात आहे म्हणूनच नाही घालायचं. आज मी चोरून घातलं, उद्या दुसरं कुणी बघेल, टिळकवाडीची पोरगी जांबोटीच्या गटात काय करते? तेव्हा मी इथं नसेन. मग कोण सांभाळणार तुला?" तिनं डोळे पुसले नाहीत, नुसती उभी राहिली. मला फार वाईट वाटलं. मी तिला कँटीनमधून चहा मागवला आणि ती तो उभ्याउभ्या प्याली.

ती गेल्यावर मला एक शंका आली. सगळी म्हणाली म्हणजे कोण सगळी? मी पत्त्यावरून प्रश्न विचारला, या घरात आमच्याकडचं कोण कोण राहतं?

उत्तर येत गेलं, येत गेलं, पडदा भरला तरी थांबेना. मला आधी वाटलं पुन्हा कँटीन आणि गणपती मंडळ झालं. तसं नव्हतं. बंगल्यामागच्या त्या दोन खोल्यांत आमचं अर्धं कोअर शॉप राहत होतं. शिवाय भट्टीवरचे गडी, दोन क्रेनवाले आणि गेटवरचा एक रखवालदार. मावशीनं कुणालाच नाही म्हटलं नसावं. मी एकटीच हसत सुटले. हसू थांबल्यावर मात्र घाम आला. ही सगळी माणसं त्याच एका खोट्या पत्त्यावर नोकरीला होती. एरवी बिचारी आदल्या दिवशीच कुणाच्यातरी ओसरीला येऊन पडायची, नाहीतर उशीर मुकाट सोसायची. पर्मनंट होती म्हणून निभायचं. पारूला ते निभणारं नव्हतं.

हे उत्तर मी कुठं साठवून ठेवलं नाही. पडदा पुसला आणि कामगार विभागाच्या हिरेमठसाहेबांकडे गेले.

हिरेमठसाहेब शांत माणूस. कानडी बोलणारे, मराठी समजणारे, आणि चिडले की हिंदीत जाणारे. "बर्री बाई, कुंदर्री," म्हणून त्यांनी खुर्ची दाखवली. मी बसले आणि पारूचं सगळं खरं ते सांगितलं. तिला आधी विचारून आले होते. ती म्हणाली होती, सांगा, असंबी काम जातंयच.

"खोटा पत्ता दिला म्हणजे काढायचं," साहेब म्हणाले. "नियम हाय बाई."

"आहे. पण साहेब, नियम लावायचा तर सगळ्यांना लावायला लागेल."

"सगळे म्हणजे कोण? यादी आण."

"यादी नाही आणणार. तुम्ही लेखी मागितलीत तर द्यावी लागेल, माझं कामच आहे ते. पण ती हातात आल्यावर तुम्हाला कोअर शॉपला कुलूप लावावं लागेल. क्रेनही बंद ठेवावी लागेल. मग पुण्याला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा."

साहेबांनी चष्मा काढला. "किती हायत?"

"दोन खोल्यांत मावणार नाहीत एवढे."

ते आधी हिंदीत काहीतरी म्हणाले. ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग हसले आणि मग गंभीर झाले. "मी नोटीस लावतो. ज्याला पत्ता दुरुस्त करायचा त्यानं करावा, विचारणा होणार नाही. पण बाई, नोटिशीवर कोण विश्वास ठेवतंय? म्हणतील, सापळा हाय. एकजण तरी पहिला यायला पाहिजे."

नोटीस लागली. कानडीत, मराठीत, दोन्हीत. लोक तिच्यासमोरून मान वळवून जात होते. रखवालदार तर ती वाचतच नव्हता. महिना संपत आला. मी पारूला काही म्हटलं नाही. कसं म्हणणार? नोटीस फिरली तर जाणार तिची नोकरी, माझी नव्हे.

एका दुपारी पाळी सुटताना कामगार विभागाच्या खिडकीपाशी गर्दी दिसली म्हणून मी बाहेर आले. खिडकीशी पारू उभी होती. तिच्या मागं सगळं कोअर शॉप, पण चार हात लांब. आत कारकुनाच्या शेजारी हिरेमठसाहेब स्वतः बसले होते.

"पत्ता सांग," साहेब म्हणाले.

पारूनं आपल्या वाडीचं नाव सांगितलं.

"ऐकायला येत नाही."

तिनं पुन्हा सांगितलं. या वेळी एवढ्या मोठ्यानं, की गेटवरच्या रखवालदारानंही वळून बघितलं. "आनि टिळकवाडीचा माजा न्हवं. मावशीचा हाय. म्या खोटा दिलता."

कारकुनानं टाईप केलं. साहेब म्हणाले, "झालं. जा." ती तिथंच उभी. तिला वाटलं अजून काहीतरी होणार. यल्लूआक्कानं पुढं होऊन तिला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि स्वतः खिडकीत वाकली. "माजं बी लिवा," ती म्हणाली. आक्काची नोंद पहिल्यापासून खऱ्या गावाची होती हे मला माहीत होतं. दुसरंही कुणीतरी खिडकीत वाकलेलं मागच्या बायकांना दिसावं, एवढंच तिला हवं होतं.

त्यानंतरच्या दिवसांत रेणुकामावशीच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या. रखवालदार सगळ्यात शेवटी आला. मी 'जांबोटी बस'च्या दारात जाऊन पुन्हा विचारलं. पारू गावडे तिच्या गावाच्या गटात होती, कुणीही चोरून न घातलेली. तिचे मागचे उशीर पुसले गेले होते आणि बंद होण्याची तारीख तिच्या नोंदीवरून निघाली होती. पुढच्या पावसात बस अडकली तेव्हा मी मुद्दाम गेटवर जाऊन थांबले. तिनं भिजलेला अंगठा ओढणीला पुसून लावला. दिवा हिरवा झाला. तिनं पुन्हा एकदा लावून बघितला.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. साहेबांना कुठंतरी शिक्षा दाखवावी लागली आणि ती पहिल्या आलेल्या पोरीलाच झाली. तिच्याबरोबर लागलेल्या मुली पर्मनंट झाल्या तेव्हा हिचं शिकाऊपण लांबलं. मागून आलेल्यांना कुणी काही केलं नाही. मी भांडले, पण अजून भांडायला हवं होतं असं मला आजही वाटतं. ती मात्र मला म्हणाली, "असू दे मॅडम. लांबलं, पर गेलं तर न्हाय." मी निवृत्त होण्याच्या थोडं आधी ती पर्मनंट झाली. केदारनं माझी गटात शिरणारी ओळ त्याच्या स्क्रिप्टमध्ये घातली आणि शेजारी चूलबंद असा शब्द लिहिला. पुण्यात तो कुणाला कळतो कोण जाणे.

यंदा उन्हाळ्यात आमच्या फ्लॅटची बेल वाजली. दारात पारू आणि तिच्यामागं डोक्याला पटका बांधलेला एक म्हातारा. तिचे वडील. पारूच्या दादाचं लग्न ठरलं होतं. मी त्यांना बसा म्हटलं, पाणी दिलं. म्हातारा तांब्या तोंडाला लावून पाणी प्याला, मग त्यानं पत्रिका काढली, तिच्यावर अक्षता ठेवल्या आणि माझ्या हातात न देता, उठून, पलंगावर बसलेल्या माझ्या आईच्या हातात दिली.

"आये," तो म्हणाला, "घरटी एक न्हवं बरं का. आमचं आवतण चूलबंद हाय. सगळ्यांनी याचं."

आई हातातल्या अक्षता नुसती बोटांनी चाचपत राहिली, विडीचं पान चाचपावं तशी. म्हातारा पुन्हा म्हणाला, "येनार न्हवं?" तेव्हा तिनं मान हलवली.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी चहा करायला उठले. शेगडीचं बटण फिरवलं, लायटर दाबला, पेटेना. पुन्हा दाबला. मग खाली वाकून बघितलं तर सिलिंडरच बंद केलेला होता. आई बाहेरच्या खोलीत ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन बसली होती.

"आई, गॅस तू बंद केलास?"

"मग?" ती म्हणाली. "चूलबंद म्हनलाय न्हवं त्यो? चल, बस चुकंल."